मेन्यूतले शब्द आणि वाट शोधणारा माणूस

मेन्यूत सातपेक्षा जास्त पर्याय नकोत आणि हवी ती गोष्ट तीन क्लिकमध्ये सापडलीच पाहिजे, असे दोन नियम वेबसाइट बनवणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं सांगितले जातात. ऐकायला दोन्ही शहाणे वाटतात आणि पाळायलाही सोपे आहेत. पण तपासून पाहिलं, तर दोन्हींचा पाया कच्चा निघतो.

सातचा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ सालच्या निबंधातला. एकदाच ऐकलेल्या किती गोष्टी माणूस लगेच परत सांगू शकतो, याची मर्यादा सातच्या आसपास असते, असं त्यात होतं. ही मर्यादा लक्षात ठेवण्याची आहे. मेन्यू तर डोळ्यांसमोरच असतो. तो पाठ करायचा नसतो, त्यातलं आपल्या कामाचं तेवढं ओळखायचं असतं.

उलट, पर्याय कमी ठेवण्याच्या हट्टापायी वेबसाइट खोल होत जाते. एका मेन्यूच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक केविन लार्सन आणि मेरी झेरविन्स्की यांनी १९९८ मध्ये ५१२ पानांची माहिती वेगवेगळ्या प्रकारे रचून लोकांना शोधायला दिली. एका रचनेत आठ-आठ पर्यायांच्या तीन पायऱ्या होत्या. दुसऱ्या दोन रचनांत दोनच पायऱ्या, पण एका पायरीवर १६ आणि दुसरीवर ३२ पर्याय. सर्वांत जास्त वेळ लागला तो आठ-आठच्या रचनेत. प्रत्येक पायरीवर एक निर्णय घ्यावा लागतो. तो चुकला, तर मागे फिरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून सगळेच पर्याय एका पानावर ओतावेत का? तसंही नाही. अनोळखी आणि विस्कळीत यादीत डोळ्यांना एकेक शब्द चाळावा लागतो. यादी नीट गटांत मांडलेली असेल, तर नजर नको ते गट झटक्यात ओलांडते. त्यामुळे संख्येइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, महत्त्व मांडणीला आणि शब्दांना आहे.

शब्दांचं हे महत्त्व सर्वांत नेमकं सांगणारा सिद्धांत प्राण्यांच्या अभ्यासातून आला. अन्न शोधणारा प्राणी एखाद्या जागी किती वेळ थांबतो? एरिक चारनोव्ह यांनी १९७६ मध्ये त्याचं गणित मांडलं. त्या जागी अन्न मिळण्याचा वेग एकूण परिसराच्या सरासरीइतका खाली आला, की तिथून निघणं फायद्याचं. पुढची जागा जितकी जवळ, तितकं लवकर निघावं. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी हाच विचार माहिती शोधणाऱ्या माणसाला लावला. त्यांचा सविस्तर निबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. लिंकवरचे शब्द वाचून पलीकडे काय असेल याचा जो अंदाज येतो, त्याला त्यांनी माहितीचा गंध म्हटलं. गंध तीव्र असेल तर माणूस पुढे जातो, विरळ झाला की परत फिरतो. वेबवर पुढची जागा तर एका क्लिकवर असते, त्यामुळे कंटाळलेला वाचक फार थांबत नाही.

तीन क्लिकचा नियम इथेच लटका पडतो. प्रत्येक क्लिकनंतर ‘आपण बरोबर चाललोय’ अशी खात्री वाढत असेल, तर माणूस पाच-सहा क्लिकही विनातक्रार करतो. पहिल्याच क्लिकला गोंधळ उडाला, तर दुसरी क्लिक होतच नाही.

सर्वांत जास्त आढळणारी चूकही यातूनच कळते. मेन्यू संस्थेच्या अंतर्गत विभागांनुसार रचलेला असतो. रुग्णालयाच्या वेबसाइटवर आलेल्या माणसाला आपल्या नातेवाइकाला कधी भेटता येईल एवढंच हवं असतं आणि समोर ‘प्रशासन’, ‘सेवा’, ‘उपक्रम’ असे शब्द दिसतात. ‘रुग्णाला भेटण्याच्या वेळा’ ही थोडी लांब लिंक त्या तिन्हींपेक्षा सरस आहे. लांबीची भीती बाळगण्याचं कारण नाही.

योग्य शब्द सापडतात ते लोकांकडूनच. कार्ड सॉर्टिंगमध्ये विषय लिहिलेली कार्डं वापरणाऱ्यांच्या हाती देतात. ते त्यांचे गट पाडतात आणि गटांना नावंही देतात. ट्री टेस्टिंगमध्ये रंग, चित्रं, सजावट सगळं बाजूला ठेवून फक्त मेन्यूतल्या शब्दांचा सांगाडा दाखवतात आणि एखादी गोष्ट शोधायला सांगतात. लोक कुठे अडखळले, कुठून मागे फिरले, हे स्वच्छ दिसतं. हे वेबसाइटचं एकही पान तयार होण्याआधी करता येतं आणि तेव्हाच करावं.

मेन्यू उघडणारं तीन आडव्या रेघांचं बटण नॉर्मन कॉक्स यांनी १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी आखलं. छोट्या स्क्रीनवर ते सोयीचं आहे. मोठ्या स्क्रीनवर भरपूर जागा असताना सगळा मेन्यू त्यामागे दडवणं म्हणजे गंधच झाकून टाकणं.

शोधयंत्रातून येणारा वाचक थेट आतल्या पानावर उतरतो. म्हणून आपण कुठे आहोत हे प्रत्येक पानावर दिसायला हवं आणि पाहून झालेल्या लिंकचा रंग बदलायला हवा.

दृष्टिहीन वाचकांचा विचार तर सुरुवातीपासूनच हवा. स्क्रीन रीडर, म्हणजे पानावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारे अनेकजण पानावरच्या फक्त लिंकची यादी ऐकतात. भोवतालचा मजकूर त्या यादीत नसतो. ‘अधिक वाचा’, ‘अधिक वाचा’, ‘इथे क्लिक करा’ असं ऐकून कोणती लिंक कुठे नेते हे त्यांना कसं कळणार? तिथे ‘प्रवेश अर्ज भरा’ किंवा ‘परीक्षेचं वेळापत्रक’ असं लिहिलेलं असेल, तर पुढचं एकही वाक्य न ऐकता ते थेट हव्या त्या पानावर जातात.