बिअर जड, व्हिस्की हलकी? ताईच्या केकच्या काट्यावरचा हिशोब

मानेवाड्याला राहणाऱ्या आमच्या भाऊजींनी दिवाळीनंतर बिअर सोडली. डॉक्टरांनी सात-आठ किलो उतरवायला सांगितलं होतं, त्यातून भाऊजींनी आपल्या सोयीचा अर्थ काढला. "बिअरनं पोट सुटते राजे. व्हिस्कीत साखरच नसते ना! सोड्यासोबत घेतली का झालं." सकाळी सक्करदऱ्याच्या बागेत चार चकरा, शनिवारी रात्री व्हिस्की-सोडा. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे काट्यावर उभे राहिले, तर वजन सहाशे ग्रॅम वाढलेलं. घरी येऊन चालायच्या बुटांवर राग काढला.

भाऊजी एकटे नाहीत. 'बिअर म्हणजे पोट, व्हिस्की म्हणजे हलकी' हे नागपुरात बरेच जण धरून बसलेत. दुसऱ्या बाजूला 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' म्हणणारेही तितकेच. त्यांना कायद्याचाही थोडा आधार मिळतो, कारण महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वयाची अट २१ आणि व्हिस्की-रमसाठी २५. पण कायदा नशेचा विचार करतो, कमरेचा नाही.

आधी साखरेचं बघू. बिअर सातूच्या माल्टपासून आंबवतात. आंबताना सगळी साखर खर्ची पडत नाही, थोडं पिष्ट-शर्करेचं उरतं, १०० मिलीला साधारण ३-४ ग्रॅम. व्हिस्की त्याच जातीच्या आंबवणातून ऊर्ध्वपातनानं निघते. भट्टीत वाफ वर जाते, साखर खाली राहते. म्हणून व्हिस्कीत साखर जवळजवळ नसते हे खरंच आहे. भाऊजी इथपर्यंत बरोबर.

चूक पुढच्या पावलाला झाली. 'साखर नाही' याचा अर्थ त्यांनी 'कॅलरी नाही' असा घेतला. एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातून ९. आणि शुद्ध अल्कोहोलच्या एका ग्रॅममधून ७. म्हणजे दारू साखरेपेक्षा तेलाच्या जवळ बसते. बिअरमधल्या कॅलरींचाही मोठा भाग अल्कोहोलचाच असतो, माल्टचा वाटा त्यामानानं लहान.

बाटलीवर कॅलरींचा तक्ता बहुधा सापडत नाही, पण अल्कोहोलचे टक्के असतात, आणि तेवढे पुरतात. जितके मिली प्याल त्याला टक्क्यांनी गुणा, १०० नं भागा, मग साडेपाचनं गुणा (सात कॅलरी ग्रॅममागे; अल्कोहोल पाण्याहून हलकं, म्हणून मिलीमागे साडेपाच). आल्या अल्कोहोलच्या कॅलरी. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्कीवर ४२.८ हा आकडा असतो. ६० मिलीचा मोठा पेग म्हणजे सुमारे १४० कॅलरी. ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर म्हणजे अल्कोहोलच्या २८५, वर माल्टच्या ऐंशी-शंभर, एकूण ३७० च्या आसपास. ५ टक्क्यांची माइल्ड २७० च्या आसपास. वाइनचं एका वाक्यात सांगतो, कारण आमच्या घरात ती कुणी पीत नाही: गोड नसलेल्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास सव्वाशेच्या आगेमागे.

आता हे आकडे बघून भाऊजी म्हणाले असते, "मी तेच तं सांगून राहिलो!" एक स्ट्राँग बाटली ३७०, दोन मोठे पेग २८०. कागदावर व्हिस्की जिंकते. मग सहाशे ग्रॅम आले कुठून?

याचं उत्तर ताईच्या स्वयंपाकघरात मिळालं. ताई केक करते, तिच्याकडे ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. मी भाऊजींचा नेहमीचा काचेचा ग्लास काट्यावर ठेवला, आकडा शून्यावर आणला आणि म्हटलं, "भाऊजी, रोजच्यासारखा पेग भरा. पण पाण्याचा." पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिली, त्यामुळे हिशोब सोपा. त्यांनी ग्लासाला दोन बोटं आडवी लावली, बरोबर बोटाच्या वरच्या कडेपर्यंत पाणी ओतलं, आणि जरा थांबून अजून एक धार सोडली. ती धार त्यांच्या लक्षातही आली नाही, हाताची सवय. काट्यावर आकडा आला ९१.

ताई मागं भाजी चिरत होती, ती हसली. भाऊजींनी ग्लास रिकामा करून पुन्हा भरला. ८८.

म्हणजे त्यांचा एक पेग दीड मोठ्या पेगाचा. आणि पुढची गंमत मोबाइलमध्ये. कॅलरी मोजायच्या अॅपमध्ये ते दर शनिवारी 'व्हिस्की, एक पेग' असं तीनदा टाकायचे. अॅपमधला तो पेग ३० मिलीचा, म्हणजे छोटा, ७० कॅलरींचा. अॅपच्या लेखी शनिवारच्या २१०. प्रत्यक्षात ९० मिलीचे तीन, २७० मिली, म्हणजे १८० मिलीची क्वार्टर बाटली धरली तर दीड क्वार्टर. कॅलरी ६३५. ऐंशी किलोच्या माणसाला झपझप तासभर चालून तीनशे-साडेतीनशे कॅलरी खर्ची पडतात, तेव्हा सक्करदऱ्याच्या दोन तासांच्या चकरा एका शनिवारात गेल्या. बिअर होती तेव्हा एका बाटलीवर पोट गच्च व्हायचं, ढेकर यायची, भाऊजी उठायचे. शिवाय बिअरची बाटली कुणी बोटानं मोजत नाही, ती कारखान्यातूनच मोजून येते. व्हिस्की ग्लासात थोडीशी दिसते, पोटात जागा घेत नाही, आणि तिथंच ती फसवते.

आणखी एक गोष्ट भाऊजींना भुलवत होती. ते घरी वजन बघायचे रविवारी सकाळी. शनिवारी प्यायल्यावर रविवारी काटा कधी अर्धा किलो, कधी सातशे ग्रॅम खाली. "पाय, व्हिस्की मले लागू पडली!" असं ताईला दाखवायचे. ते पाणी होतं. मेंदूतून एक संप्रेरक निघतं, जे मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगतं. दारूनं ते दबतं, म्हणून रात्री तीनदा उठावं लागतं आणि सकाळी जीभ कोरडी पडते. उतरलेलं पाणी सोमवार-मंगळवारपर्यंत परत भरतं. चरबी जागची हललेली नसते. हे बिअरलाही लागू, व्हिस्कीलाही. म्हणून मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की 'गर्मीत थंड बिअर बरी' म्हणणाऱ्यांना मी आधी माठातलं पाणी देतो. घशाला गार लागते हे खरं, पण तहानेवर तिचा भरवसा नाही.

चरबी का हलत नाही, तर यकृतामुळं. अल्कोहोल साठवून ठेवायला शरीरात जागा नाही, त्यामुळं ते आलं की यकृत बाकीची कामं बाजूला सारून आधी त्याची विल्हेवाट लावतं. तोवर चरबी जाळायचं काम मागं पडतं. एका मोठ्या पेगात २० ग्रॅम अल्कोहोल असतं, ते निपटायला दोन-तीन तास सहज लागतात. भाऊजींच्या तीन पेगांत नव्वद ग्रॅम. रात्री अकराला शेवटचा घोट, तर सकाळी बागेत चालतानाही यकृत कालच्याच कामात. यात बिअर-व्हिस्की असा भेद नाही, त्याला ग्रॅमच कळतात. बिअरचं पोट असं वेगळं काही नसतं, व्हिस्कीवालेही कंबरपट्टा सैल करतच असतात.

खरा फरक पडतो तो ग्लासाबाहेर. सोड्याला कॅलरी नाहीत, पण सोडा संपला की कोल्ड्रिंक येतं, आणि २०० मिली कोल्यात २० ग्रॅमच्या वर साखर. इतका वेळ टाळलेली साखर अशी मागच्या दारानं आत. मग चखना. मूठभर खारे शेंगदाणे म्हणजे ३० ग्रॅम, १७० कॅलरी. टेबलावरची वाटी एका मुठीवर संपलेली मी तरी पाहिलेली नाही. दारूनं भूक चाळवते आणि 'पुरे' म्हणणारा आतला माणूस आधी झोपतो. साडेअकराला कुणीतरी म्हणतं, "चाल बे, सावजी खाऊ." सावजीच्या रश्श्यावर तेलाचा जो लाल थर असतो, त्याच्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशे कॅलरी. मी सावजीचा विरोधक नाही, नागपूरचा आहे. पण रविवारी सकाळी तोंडाला चव नाही म्हणून तर्री-पोहा, हे सगळं शनिवारच्या खात्यात लिहायचं असतं, आणि ते कुठल्याच अॅपमध्ये जात नाही.

काही शहाणे याच्यावर उपाय म्हणून जेवण गाळतात, कॅलरी वाचवल्या म्हणून खुश. हे नका करू. उपाशी पोटी दारू झपाट्यानं चढते. आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांची साखर रात्री झोपेत खूप खाली जाऊ शकते, कारण अल्कोहोलात गुंतलेलं यकृत साखर सोडायचं काम नीट करत नाही. बघणाऱ्याला वाटतं, गडी पिऊन पडलाय. जे रोज आणि जास्त पितात त्यांनी वजनासाठी एकदम बंद करायचं ठरवलं, तर तेही डॉक्टरांना विचारून. सवय झालेलं शरीर एकाएकी तुटलं की हात थरथरतात, झटकेसुद्धा येऊ शकतात.

मग बिअर की व्हिस्की? वजनापुरतं विचाराल तर मी एक माइल्ड बाटली किंवा मापानं दोन मोठे पेग सारखेच धरतो, दोन्ही पावणेतीनशेच्या घरात. स्ट्राँगची बाटली त्याहून शंभरनं जड. त्याहून कमी प्यालं तर आणखी बरं, आणि न पिणाऱ्यानं तब्येतीसाठी सुरू करावी असं यात काहीही नाही.

ताईनं सीताबर्डीवरून स्टीलचं पेगाचं माप आणलं, एका बाजूनं ३०, दुसऱ्या बाजूनं ६०. पहिल्या शनिवारी भाऊजींनी ६० ची बाजू काठोकाठ भरली, ग्लासात ओतली आणि ग्लास दिव्यासमोर धरला.

"इतकीच?"

"तितकीच, भाऊजी."

त्यांनी माप उलटं करून आत डोकावलं, काही चिकटून राहिलंय का ते बघायला.