मामा तलाव इंग्रजांचे नव्हेत

नागपूरहून भंडारा-गोंदियाकडे जाताना दिसणारे मालगुजारी ऊर्फ मामा तलाव इंग्रजांनी खोदले, असा समज नावामुळे रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे. नागपूरचे राज्य खालसा झाले १८५४ साली, तर यांतील अनेक तलाव त्याआधीच्या गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधले. उतारावरचे पाणी मातीच्या पाळीने अडवून ते धानाच्या बांध्यांना पुरवण्याच्या या कसबामुळेच झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातली, कित्येक गावे वसली. मालगुजारी ही इंग्रजी अमलात पक्की झालेली जमीनमहसुलाची व्यवस्था; तलावांना तिचे केवळ नाव चिकटले. स्वातंत्र्यानंतर ती रद्द झाली आणि ‘माजी मालगुजारी’चे आद्याक्षरी रूप ‘मामा’ झाले, येथे नात्यातला मामा कोणीही नाही.