सिल्व्हर म्हणजे दुसरा नंबर नव्हे: सुपर लायसन्सचे गुण आणि ड्रायव्हरची श्रेणी

फॉर्म्युला १ च्या दोन पायऱ्या खाली, फॉर्म्युला ३ मध्ये, दोन हंगाम काढलेला विशीतला एखादा पोरगा एलएमपी२ गाडीत (लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी खास बांधलेल्या गाड्यांचा एक वर्ग) बसतो. एन्ट्री लिस्टमध्ये, म्हणजे शर्यतीत उतरणाऱ्यांच्या यादीत, त्याच्या नावापुढे 'सिल्व्हर' छापून येतं आणि प्रतिक्रिया सुरू होतात. गोल्डसुद्धा मिळालं नाही? मग फॉर्म्युला १ विसरा. याला सुपर लायसन्सचे गुण कुठून मिळणार? एका दमात तीन वाक्यं, आणि तिन्हींत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ. सुपर लायसन्सचे गुण आणि ड्रायव्हरची श्रेणी, दोन्ही एफआयएच (मोटर शर्यतींची जागतिक संघटना) ठरवते, दोन्ही तरुण ड्रायव्हरच्या नावाला चिकटलेल्या असतात, आणि साम्य तिथेच संपतं.

सुपर लायसन्स म्हणजे फॉर्म्युला १ ची शर्यत चालवण्याचा परवाना. त्याबद्दल थोडक्यात. फॉर्म्युला १ मध्ये उतरायचं तर तीन वर्षांच्या निकालांतून ४० गुण जमवायचे. लगेच खालच्या पायरीवर, फॉर्म्युला २ मध्ये, हंगामातल्या पहिल्या तिघांना थेट ४०, फॉर्म्युला ३ च्या विजेत्याला ३०. जोडीला १८ वर्षं पूर्ण हवीत (मॅक्स व्हर्स्टॅपेन २०१५ मध्ये सतराव्या वर्षी शर्यतीत उतरला, त्यानंतर ही अट आली, आता अपवाद म्हणून सतरा वर्षांच्या मुलाला परवानगी देण्याची मुभा एफआयएने स्वतःकडे ठेवली आहे) आणि फॉर्म्युला १ गाडीत ३०० किलोमीटर चालवलेले हवेत. २०२२ मध्ये फॉर्म्युला १ मधल्या रेड बुलला कोल्टन हर्टा हवा होता. त्याचे गुण भरत होते ३२. इंडीकार या अमेरिकेतल्या मालिकेत शर्यती जिंकलेला माणूस, पण आठ गुण कमी पडले आणि दार उघडलं नाही. इथला हिशेब सरळ आहे: जितके जास्त गुण, तितकं चांगलं.

श्रेणीचा हिशेब असा नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो.

ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम ही नावं पदकांसारखी आहेत, एवढंच त्यांचं पदकांशी नातं. मराठीत कुणी 'रौप्य श्रेणीचा ड्रायव्हर' असं लिहिलं की मला राग येतो, कारण 'रौप्य' म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात दुसरा क्रमांक उभा राहतोच. सिल्व्हर हे सिल्व्हरच राहू द्या. ते बक्षीस नाही. गाडीत कोणाबरोबर कोण बसू शकतं, हे ठरवण्यासाठी लावलेली ती चिठ्ठी आहे.

ही श्रेणी कामी येते ती एन्ड्युरन्स, म्हणजे अनेक तास चालणाऱ्या, शर्यतीत. तिथे एक गाडी दोघं-तिघं मिळून चालवतात. पैसेवाल्या संघाने तिन्ही जागांवर माजी फॉर्म्युला १ ड्रायव्हर बसवले, तर स्वतःच्या पैशाने शर्यत करणारा हौशी माणूस उरणारच नाही, आणि त्याच्याबरोबर निम्म्या गाड्याही जातील. म्हणून नियम घातला: एलएमपी२ मध्ये किमान एक ड्रायव्हर सिल्व्हर किंवा ब्राँझ हवा. जागतिक एन्ड्युरन्स मालिकेत २०२४ पासून आलेल्या एलएमजीटी३ मध्ये (रस्त्यावरच्या स्पोर्ट्सकारवर बेतलेल्या गाड्यांचा वर्ग) एक ब्राँझ हवाच, दुसरा सिल्व्हरपेक्षा वरचा नको, आणि तिसरी जागा मोकळी. म्हणजे श्रेणी ही संघाच्या तराजूतली वजनं आहेत.

आता ही श्रेणी ठरते कशी ते पाहा, म्हणजे गैरसमजाचं मूळ सापडेल. तुमचं वय तिशीच्या आत आहे आणि गोल्ड किंवा प्लॅटिनममध्ये जाण्याइतके निकाल नावावर नाहीत, तर तुम्ही सिल्व्हर. मग तुम्ही नुकतेच गाडीत बसलेले नवखे असा, नाहीतर फॉर्म्युला ३ मध्ये रोज पहिल्या दहात धडकणारे असा. ब्राँझ प्रामुख्याने अशा माणसासाठी, ज्याने पहिलं लायसन्स तिशीनंतर काढलं आणि सिंगल-सीटरचा (फॉर्म्युला १ सारख्या एका सीटच्या, उघड्या चाकांच्या गाडीचा) फारसा अनुभव घेतला नाही. तोलामोलाच्या मालिकांत वरचे क्रमांक मिळवले की गोल्ड. फॉर्म्युला १ चं सुपर लायसन्स मिळालेला किंवा गाडी बनवणाऱ्या कंपनीचा पगारी ड्रायव्हर असला की बहुधा प्लॅटिनम. पन्नाशी ओलांडली की श्रेणी खाली सरकते. यात वेग हा मुख्य निकष दिसत नाही. मोजलं जातं ते वय आणि आजवरचा प्रवास. एफआयए लॅपच्या (ट्रॅकच्या एका फेरीच्या) वेळा पाहते, दर वर्षी यादी तपासते, डोळ्यांवर येणाऱ्या माणसाला वर ढकलते. तरीही दोन सिल्व्हर ड्रायव्हरमध्ये एका लॅपमागे दोन सेकंदांचा फरक असू शकतो, तो या रचनेमुळेच.

संघाच्या नजरेतून बघा. ल मॉंला, फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीत, एलएमपी२ गाडी आहे. जवळपास सगळ्यांकडे तीच ओरेका ०७, तेच गिब्सनचं व्ही८ इंजिन. लॅप १३.६२६ किलोमीटरची. गाडीत दोन प्लॅटिनम आहेत आणि शेजारच्या पिटमध्येही दोन आहेत. ते चौघे एकमेकांपासून लॅपमागे दोन दशांश सेकंदांच्या आत असतील असं धरा. तीस लॅप चालवले तर फरक पडला सहा सेकंदांचा. पिटमध्ये चाक बदलताना एक नट नीट बसला नाही तर तेवढा वेळ जातो. आता तुमचा सिल्व्हर शेजारच्या सिल्व्हरपेक्षा लॅपमागे एक सेकंद वेगवान आहे असं धरा. त्याच तीस लॅपमध्ये तीस सेकंद हातात. शर्यत बहुतेक वेळा या एका जागेवर जिंकली किंवा हरली जाते. म्हणून हंगाम संपला की संघांचे मॅनेजर फॉर्म्युला ३ आणि फॉर्म्युला रीजनलच्या निकालांत शोधत फिरतात तो असा पोरगा: वेगवान, रात्री न चुकणारा, आणि अजून सिल्व्हर असलेला. या धंद्यात त्याला 'सुपर सिल्व्हर' म्हणतात. त्याच्या नावापुढची ती चिठ्ठी म्हणजेच त्याची नोकरी.

म्हणून सुपर लायसन्समध्ये जे हवंहवंसं वाटतं, ते श्रेणीत कधीकधी नकोसं होतं. सिल्व्हर म्हणून हंगाम गाजवला, जिंकला, सगळ्यांच्या नजरेत आला, आणि पुढच्या यादीत गोल्ड झाला. अभिनंदनाचे मेसेज येतात. पण ज्या जागेवर तो बसत होता ती जागा नियमाने सिल्व्हरचीच असते, तेव्हा तिथे आता दुसरा येतो. उरलेल्या जागांसाठी त्याला प्लॅटिनमशी झुंजायचं असतं, ज्यांच्या नावामागे पंधरा वर्षांचा अनुभव आहे. विशीतल्या पोरासाठी ही खरोखर अवघड घडी असते. श्रेणी वाढली म्हणून पुनर्विचाराचा अर्ज करणारे ड्रायव्हर असतात, त्यामागचं कारण हेच. त्यांना हिणवणाऱ्यांना हा धंदा कळलेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन व्यवस्था एकमेकींना भिडतात ती जागाही इथेच. सुपर लायसन्स हातात पडलं की सिल्व्हरची जागा गेली. सिंगल-सीटरच्या शिडीवर शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचायचं आणि वर जागा नाही म्हणून थांबायचं, हे दुखणं फेलिपे ड्रुगोविचने २०२२ मध्ये आणि तेओ पूर्शेरने २०२३ मध्ये अनुभवलं. दोघेही फॉर्म्युला २ चे विजेते. विजेत्याला त्या मालिकेत परत उतरता येत नाही, फॉर्म्युला १ मध्ये जागा मिळाली नाही, आणि दोघांनाही स्पोर्ट्सकारकडे वळावं लागलं. निकाल इतके मोठे झाल्यावर सिल्व्हर म्हणून कुणी सहज घेईल अशी स्थिती राहत नाही. यांच्यासाठी वाट उरते ती मुख्यतः सर्वांत वरच्या वर्गाची, म्हणजे हायपरकारची.

गाड्यांमधले बाकीचे फरक लोक उगाच चघळत बसतात. सिंगल-सीटरमध्ये सीट एकाच ड्रायव्हरच्या शरीराच्या साच्यात ओतलेली, स्पोर्ट्सकारमध्ये सीट एकच आणि तिच्यात बसवायचा ज्याचा त्याचा साचा (इन्सर्ट). एकीकडे उघडी चाकं, दुसरीकडे छत आणि दिवे. टायर वेगळे, ब्रेकची सवय वेगळी. चांगला ड्रायव्हर दोन-तीन चाचण्यांत यातलं बरंच उचलतो. अंगवळणी पडायला वेळ लागतो तो वाटून घेण्याला. गाडीचा सेटअप तुमच्या एकट्याच्या आवडीचा नसतो. ड्रायव्हर बदलताना उतरणारा बाहेर येताच वाकून आत शिरतो, पुढच्याचे पट्टे ओढतो, रेडिओची वायर आणि पाण्याची नळी जोडून देतो, आणि तेवढ्या सेकंदांत कोणत्या वळणावर तेल सांडलंय तेही सांगतो. ज्युनियर फॉर्म्युलात संघातला जोडीदार हा पहिला प्रतिस्पर्धी. इथे त्याचं चुकलं तर तुमचंही चुकलं.

आणि स्पोर्ट्सकार म्हणजे माघार, या समजुतीबद्दलही बोलायलाच हवं. जागतिक एन्ड्युरन्स मालिकेत हायपरकार वर्गाच्या विजेत्याला सुपर लायसन्सचे ३० गुण मिळतात, म्हणजे फॉर्म्युला ३ च्या विजेत्याइतकेच. ब्रेंडन हार्टलीला २०१० मध्ये रेड बुलच्या ज्युनियर कार्यक्रमातून वगळलं. तो एलएमपी२ मध्ये घडला, पोर्शेकडून २०१५ मध्ये जगज्जेता झाला, २०१७ मध्ये ल मॉं जिंकला, आणि त्याच वर्षी ऑस्टिनला टोरो रोसोच्या गाडीत फॉर्म्युला १ ची शर्यत चालवली. तेव्हा त्याच्याकडे सिंगल-सीटरचा ताजा निकाल एकही नव्हता. तिथलं पर्व २०१८ मध्ये आटोपल्यावर तो टोयोटाकडे गेला आणि २०२० व २०२२ मध्ये ल मॉं पुन्हा जिंकला.

तेव्हा एन्ट्री लिस्टमध्ये तरुण नाव आणि त्यापुढे 'सिल्व्हर' दिसलं, तर मी आधी गाडीचा वर्ग बघतो आणि मग शेजारची दोन नावं. एलएमपी२ मध्ये दोन अनुभवी ड्रायव्हरांबरोबर बसलेला सिल्व्हर असेल, तर संघाने त्याच्यावर शर्यत लावली आहे. त्याच्या एकट्याच्या स्टिंटच्या (गाडी चालवण्याच्या पाळीच्या) सरासरी वेळा पाहा, एखाद्या वेगवान लॅपवर जाऊ नका. रात्री दोन ते चारच्या दरम्यान, गर्दीतून वाट काढत, त्या वेळा प्लॅटिनमच्या अर्ध्या सेकंदाच्या आत राहिल्या, की गाडी बनवणाऱ्या एखाद्या कंपनीचा माणूस त्याचा नंबर मागायला येतो. कंपनीच्या करारावर सही झाली की तो बहुधा प्लॅटिनम होतो, सिल्व्हरची जागा सुटते, आणि तेव्हा ती गमावल्याची किंमत त्याला मोजावी लागत नाही.