लघुखाणकाम, जबाबदार (खानदेश)

अल्प भांडवलावर, हाताने किंवा साध्या यंत्रांनी केलेले खनिजांचे उत्खनन म्हणजे लघुखाणकाम. बालमजुरी, असुरक्षित बोगदे व पाऱ्याचा वापर टाळून, तसेच माल कोणत्या खाणीतून निघाला याची नोंद खरेदीदारापर्यंत ठेवून केलेल्या कामास जबाबदार म्हणतात. पवनचक्क्या व सौर प्रकल्पांचे तांबे आणि बॅटऱ्यांतील कोबाल्ट यांमुळे हा विषय पुढे आला. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वे सामान्यतः आधारभूत धरतात. कोबाल्टाच्या लघुखाणी मुख्यतः काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात आहेत.

जळगाव, धुळे व नंदुरबार हा खानदेशाचा प्रदेश दख्खन ट्रॅपचा (थिजलेल्या लाव्हाच्या थरांचा) बेसाल्ट खडक आणि तापीचा गाळ यांनी बनलेला असून येथे धातूंचे व्यापारी खाणकाम नाही. तांब्याचा वापर मात्र प्राचीन आहे. तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे येथे पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केले व तेथील ताम्रपाषाणयुगीन (तांबे व दगड दोन्हींची हत्यारे वापरण्याच्या काळातील) थर इ. स. पू. सुमारे १७००–१३०० चे मानले. सावळदा या तापी खोऱ्यातील आद्य ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या अभ्यासानंतर प्रदेशातील आद्य वसाहत इ. स. पू. २००० च्या आसपास नेण्याकडे कल आहे. या तांब्याचा उगम वादग्रस्त आहे. ट्रॅपच्या पोकळ्यांत क्वचित नैसर्गिक तांबे सापडते, एवढाच स्थानिक उगमाचा आधार. पण ते फारच तुरळक. राजस्थानातील अरवलीचे, विशेषतः खेत्री पट्ट्यातील, धातुक (धातू मिळणारे कच्चे खनिज) अधिक संभवनीय वाटते. माळवा व राजस्थानशी मृत्पात्रांतून दिसणारा संबंध त्यास पूरक आहे, तरी मडक्यांच्या वाटेनेच धातू आला असे त्यावरून ठरत नाही. तांब्यातील शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंवरून) उगम शोधता येतो. मात्र जुनी भांडी-हत्यारे वितळवून पुन्हा ओतली असल्यास त्या खुणा एकमेकींत मिसळतात. माल कोणत्या खाणीतून आला याच्या आधुनिक मागोव्यातही हीच अडचण आहे. अनेक खाणींचे धातुक एकाच भट्टीत जाते, म्हणून तपासणीचा भर धातुक वितळविणाऱ्या कारखान्यांवर असतो.

खाणीपासून वापरापर्यंतच्या या साखळीत खानदेश वापराच्या टोकाला आहे : साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथील १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प व ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या. स्थानिक लघुखाणकाम वाळू, मुरूम व दगड या गौण खनिजांपुरते आहे. त्यांचे नियम करण्याचा अधिकार १९५७ च्या खाण व खनिजे अधिनियमाच्या कलम १५ नुसार राज्याकडे आहे. दीपक कुमार खटल्यात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांखालील गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली.