सायकलचे इंजिन किट

पायडलच्या साध्या सायकलवर बसवता येईल असे छोटे इंजिन आणि ते जोडायला लागणारे सुटे सामान यांचा संच. सध्या सर्रास मिळणारा प्रकार चिनी बनावटीचा, एका सिलिंडरचा, हवेने थंड होणारा टू-स्ट्रोक आहे. तो फ्रेमच्या त्रिकोणात बसतो. खोक्यातून इंजिनासोबत टाकी, कार्ब्युरेटर, सायलेन्सर, चेन, मागच्या चाकाचे ४४ दात्यांचे चक्र, क्लचची मूठ आणि सीडीआयचा (प्लगला ठिणगीची वीज पुरवणारा) डबा निघतो. ‘८० सीसी’ म्हणून विकले जाणारे इंजिन प्रत्यक्षात ६६ सीसी भरते (सिलिंडरचा आतला व्यास ४७ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ३८ मिमी). व्यास ४० मिमी केला की धाकटे ४८ सीसी होते.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९३९ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘व्हिझर’ किट निघाले. युद्धानंतर इंधनाची आणि मोटारींची चणचण होती, तेव्हा इटलीत ‘कुच्चोलो’ हे ४८ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन गाजले. जपानमध्ये १९४६ साली सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या वायरलेस संचांच्या जनित्रांची उरलेली इंजिने सायकलींना लावली. त्यांच्या पहिल्या नमुन्याला टाकी म्हणून अंथरुणात शेकायची गरम पाण्याची बाटली बसवली होती. महाराष्ट्रात पायडल आणि इंजिन एकत्र पाहिले ते ‘लूना’वर. अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती १९७२ साली आणली. मात्र ती कारखान्यातूनच तशी बनून येणारी मोपेड होती. तिची फ्रेम, चाके, ब्रेक हे सारे इंजिनाच्या हिशेबाने केलेले होते. किटच्या सायकलला हाच हिशेब नसतो, आणि बहुतेक कटकटी तिथूनच सुरू होतात.

इंजिनाच्या आतले गिअर फेरे ४.१ पटीने कमी करतात. पुढे १० आणि ४४ दात्यांच्या चक्रांमुळे ते आणखी ४.४ पटीने उतरतात. म्हणजे इंजिन साधारण १८ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा. २६ इंची चाकावर मिनिटाला ४,००० फेऱ्यांना ताशी २७-२८ किमी वेग येतो. हा सगळा ओढा चाकाच्या डाव्या बाजूला पडतो, कारण पायडलची चेन उजवीकडे असते.

म्हणून खरी परीक्षा मागच्या चक्राची. ते हबवर बसत नाही, तर स्पोकच्या आतून-बाहेरून रबरी चकत्या घालून नऊ बोल्टांनी आवळतात. ३६ स्पोकच्या चाकात डावीकडे १८ स्पोक येतात, त्यामुळे नऊ बोल्टांची वाटणी बरोबर जमते. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला ४० स्पोक, म्हणजे एका बाजूला २०. तिथे बोल्ट स्पोकवर येऊन अडतात आणि चाकच बदलावे लागते. बोल्ट एकाच फेरीत कचकचून आवळू नयेत. समोरासमोरचे थोडे-थोडे आवळत जावे. मग फ्रेमला टेकवून दात्यांजवळ पेन्सिल धरावी आणि चाक फिरवावे. दाते पेन्सिलीच्या जवळ-लांब जात असतील तर चक्र डगमगते आहे. ते तसेच सोडले तर एका जागी चेन ताठ होते, दुसऱ्या जागी लोंबते, आणि खड्ड्यात उतरते.

चेन मधोमध दाबल्यावर १२ मिमीच्या आसपास हलावी. ती ताणायला किटमध्ये फिरकीची पट्टी येते. मागच्या नळीवर ही पट्टी सैल पडून फिरली तर फिरकी थेट स्पोकमध्ये जाते. चालत्या गाडीत चाक जाम होण्याचे हे नेहमीचे कारण. जमत असेल तर चेन कडी काढून आखूड करावी आणि पट्टी वापरूच नये. फ्रेम जाड नळीची असली म्हणून इंजिन बसवायला तिला भोक पाडणे हा शुद्ध वेडेपणा आहे. इंजिनाच्या कंपनाने नळी तिथेच चिरते.

इंजिन चालू करायला क्लच दाबून पायडल मारायचे आणि वेग आला की क्लच सोडायचा. फटफट सुरू झाली नाही तर आधी करंट तपासावा. किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) वायर सोडवून पाहावी. बऱ्याचदा दोष तिथेच असतो. मॅग्नेटोतून (इंजिनातल्या छोट्या जनित्रातून) निळी आणि काळी वायर सीडीआयला जाते. या दोघींमधला रोध मीटरवर ३०० ओहमच्या आसपास दिसावा. शून्य किंवा अनंत आला तर कॉइल गेली. पांढरी वायर दिव्याची. टोकाला टेप गुंडाळून ती मोकळी ठेवलेली बरी.

करंट आहे आणि गाडी चालूही होते, पण ॲक्सिलरेटरची मूठ सोडली तरी इंजिन किंचाळत राहते, तर कुठून तरी हवा घुसते आहे. कार्ब्युरेटर आणि नळीचा सांधा किंवा पॅकिंग पाहावे. असे पातळ झालेले पेट्रोल-हवेचे मिश्रण पिस्टन तापवते, म्हणून हे उद्यावर ढकलू नये. उलट इंजिन गुरगुरत, अडखळत चालले आणि प्लग काळा-ओला निघाला तर पेट्रोल जास्त जाते आहे. कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप एक खाच वर घ्यावी. सुरुवातीच्या टाक्यांना लिटरमागे ६० मिली टू-स्ट्रोक ऑइल घालतात, पुढे ५० मिली. काही मिनिटे चालून दर वेळी बंद पडत असेल तर टाकीचे झाकण उघडावे. फुस्स आवाज आला तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे.

भारतात २५ सीसीपर्यंतचे, चारपेक्षा कमी चाकांचे वाहन मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत मोटार वाहन ठरत नाही. ४८ आणि ६६ सीसीची किटे त्या मर्यादेबाहेर पडतात, म्हणजे नोंदणी, परवाना आणि विमा आलेच.

क्लच घसरत असेल तर डाव्या बाजूचे कव्हर काढून केबल पाहावी लागते. तिथे केबलच्या दांड्यामागे एक लहान सळई आणि तिच्यामागे पोलादी गोळी असते. सळई ओढली की गोळी घरंगळून खाली पडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ती न घालता जोडले तर क्लच सुटतच नाही. कव्हर उघडण्याआधी खाली कापड अंथरावे.