पक्षाघातानंतर रिहॅबमध्ये प्रवेश: अर्ज हॉस्पिटलच्या वॉर्डातूनच करा

पक्षाघाताच्या पेशंटसाठी पुनर्वसन केंद्राची चौकशी बहुतेक घरांत डिस्चार्जनंतर सुरू होते. तिथेच उशीर होतो. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो; त्यातले दोन-तीन आठवडे कागद जमवण्यात घालवू नका.

अर्जासोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं रेफरल, म्हणजे शिफारसपत्र, लागतं. ते आपणहून मिळेल म्हणून थांबू नका. तब्येत जरा सावरली की राउंडलाच विचारा, ‘रिहॅबसाठी असेसमेंट कधी?’

पात्रता ठरवताना मुख्यतः बघतात ते असं: तब्येत स्थिर आहे का, साध्या सूचना समजतात का आणि थेरपी झेपेल का. पूर्णवेळ कार्यक्रमात दिवसाला साधारण तीन तास, आठवड्यातून पाच दिवस थेरपी असते. एवढं झेपत नसेल तर संथ गतीच्या कार्यक्रमाची विचारणा करा, ताकद आली की पुन्हा अर्ज करा. वाचा गेली म्हणून मात्र माघार घेऊ नका, स्पीच थेरपी असते ती त्यासाठीच.

कागदपत्रांत ओळखपत्र, सीटी-एमआरआयचे रिपोर्ट, चालू औषधांची यादी, विमा असल्यास त्याची मंजुरी. डिस्चार्ज समरीत मेंदूत गुठळी होती की रक्तस्राव, हे लिहिलंय ना, तेवढं बघून घ्या. विसरला जातो तो गिळण्याच्या चाचणीचा कागद. तो नसेल तर पाणी तोंडाने द्यायचं की नळीने, हे नव्या नर्सला कळणार कसं? घोट श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. बार्थेल इंडेक्सही मागून घ्या. जेवण, आंघोळ, चालणं अशा दहा कामांचे हे 100 पैकी गुण. कमी पडले म्हणजे नापास नव्हे, मदत जास्त लागते एवढंच.

फॉर्ममध्ये ‘सध्याची स्थिती’ असा रकाना असेल तर तिथे लोक ‘उजवी बाजू गेली’ लिहून मोकळे होतात. त्यातून काही कळत नाही. असं लिहा: ‘आधार दिला की पलंगाच्या कडेला दहा मिनिटं बसतात. उजव्या हाताने पेला धरतात, तोंडापर्यंत नेता येत नाही.’

काळजीवाहक म्हणून जो खरंच सोबत राहणार त्याचंच नाव घाला. उचलायचं कसं, कूस बदलायची कशी, हे त्यालाच शिकवतात. सही पेशंटला जमत नसेल तर अंगठा किंवा नातेवाइकाची सही चालते का, हे आधी विचारा.

अर्ज नाकारला तर कारण लेखी घ्या आणि फेरतपासणीची तारीख त्याच कागदावर लिहून मागा.