पिढीला एक पाहुणा

‘वनक्षेत्र वाढले’ अशी बातमी आली की वन्यजीवांचेही भले झाले, असे आपण धरून चालतो. ते क्षेत्र सलग आहे की विखुरलेले, हे त्या आकड्यात दिसत नाही. ऊन, वारा, तण आणि भटकी कुत्री कडेपासून १०० मीटर आत शिरतात असे धरा. १०० चौरस किलोमीटरच्या सलग चौकोनात ९६ टक्के भाग त्यांच्यापासून सुरक्षित राहतो. त्याच क्षेत्राचे एकेक चौरस किलोमीटरचे १०० तुकडे केले तर ६४ टक्केच.

पण खरी झीज जनुकांची होते. आईबापांकडच्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रतींपैकी कोणती पिल्लाकडे जाईल, हे केवळ योगायोगावर असते. तुकड्यात प्राणी थोडे असले की काही प्रती पुढच्या पिढीत पोहोचतच नाहीत. हे जनुकीय विचलन. प्रजननातला खरा सहभाग मोजणारी ‘प्रभावी संख्या’ ‘न’ इतकी धरली, तर दर पिढीला जनुकीय विविधतेचा १/(२न) हिस्सा जातो. ‘न’ २५ असेल तर २ टक्के, म्हणजे दहा पिढ्यांत सुमारे १८ टक्के. आणि ही संख्या प्रत्यक्ष शिरगणतीपेक्षा बहुधा बरीच कमी भरते.

ही गळती भरून काढायला बाहेरून किती प्राणी यावेत? ढोबळ उत्तर आहे, पिढीला एक. कळप २५ चा असो वा २५०० चा! २५ जणांत एक पाहुणा म्हणजे ४ टक्के, २५०० जणांत ०.०४ टक्के. पण मोठ्या कळपात गळतीही शंभरपट मंद असते. दोन्ही एकाच प्रमाणात घटतात, म्हणून समीकरणातून ‘न’ चक्क निघून जातो. उरते ते इतकेच: दोन तुकड्यांतला जनुकीय फरक सुमारे १/(४प+१), इथे प म्हणजे दर पिढीचे पाहुणे. प शून्य असेल तर फरक १, म्हणजे पूर्ण; एक असेल तर ०.२, दहा असतील तर ०.०२४. पहिला पाहुणाच सर्वाधिक काम करून जातो. मात्र आलेल्या प्रत्येकाला जोडीदार मिळत नाही, म्हणून व्यवहारात १ ते १० धरतात.

अमेरिकेत फ्लोरिडातले प्यूमा (तिथली मोठी रानमांजरे) १९९० च्या सुमारास २०-३० वर आले होते. आपसातल्याच प्रजननाने शेपट्या वाकड्या, हृदयात दोष. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या, त्यांतल्या पाच व्यायल्या आणि पुढे संख्या शंभरीपार गेली. पण दर पिढीला प्राणी गाडीत घालून किती काळ नेणार? जंगलाचे तुकडे जोडणारी वाट हवीच.

आणि ती त्या प्राण्याला चालणारी हवी. माळरानावर दाट रोपे लावली तर माळावरच्या प्राण्यांची वाट बंद होते. ‘एका दिवसात कोटी झाडे’ या विक्रमांत हे कोणी पाहत नाही.

कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गाला २.४ मीटर उंच कुंपण घालून वरून आणि खालून वाटा काढल्या. ग्रिझली अस्वले रुंद, उघडे पूल निवडतात, प्यूमा अरुंद बोगदे. कुंपण आखूड असले की प्राणी टोकाला वळसा घालून रस्त्यावर येतात आणि आतच अडकतात. म्हणून कुंपणाला आतून चढून बाहेर उडी मारता येईल असे मातीचे उतार ठेवावे लागतात. ग्रिझलींना पूल सवयीचे व्हायला काही वर्षे गेली, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या छायाचित्रांवरून पूल फसला असे ठरवणे चूक.

शिवाय कॅमेऱ्यात शंभर वेळा दिसलेले अस्वल एकच असू शकते. म्हणून तिथे वाटेवर आडव्या लावलेल्या काटेरी तारेत अडकलेले केस तपासले गेले. रस्ता ओलांडणाऱ्या काही अस्वलांना पिल्लेही झाली होती, हे त्यातूनच कळले.